मधला दांडा

—नाही. गाडीखालचा तो मधला दांडा काढणार नाही मी. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगतोय, तिसऱ्यांदा विचारलंस तर गाडी ढकलत फाटकाबाहेर नेऊन लावीन, मग तू जाण आणि तुझी गाडी जाणे. अर्ध्या तासाचं काम आहे हे तू मला सांगतोस? चार बोल्ट पुढे, चार मागे, मधल्या बेअरिंगचे दोन निराळे — डोळे झाकून काढीन. काढता येत नाही असं कुठं म्हटलं मी? काढणार नाही म्हटलं. दोन्हींत फरक आहे, आणि तू बिश्केकहून आलेला शिकलासवरलेला माणूस, तुला तो कळायला हवा. बस तिथे. त्या खोक्यावर नको, त्यात जुनं तेल आहे, पँट खराब होईल आणि त्याचंही माझ्यावरच ढकलशील. चहा किटलीत आहे. ओतून घ्यायचा, इथे कुणी कुणाला ओतून देत नाही.

आता मघाशी तू काय काय सांगितलंस ते मीच परत सांगतो, म्हणजे तुझं तुला ऐकू येईल. वळणावर गाडी अडते — मागून कुणी शेपूट धरल्यासारखी. स्टेअरिंग जड होतं. खालून ठक-ठक येतं. सरळ रस्त्याला पाय दाबला की उजवीकडे झुकते, पाय उचलला की डावीकडे. लांबचा पल्ला झाला की जळक्या तेलाचा वास. बरोबर? आणि यावर तुझ्या शहरातल्या शहाण्यांनी काय केलं? चारही शॉकअब्सॉर्बर बदलले. स्टेअरिंगचा अख्खा रॅक बदलला. कॉम्प्युटरवर अलाइनमेंट केली — एकदा नाही, दोनदा — आणि रंगीत कागद छापून दिला. तो कागद मला दाखवतोस? मी काय त्याला फ्रेम करू? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. एकानेही खाली वाकून चाकांकडे बघितलं नाही. वाकायला कंबर लागते ना.

मी काय केलं ते तू बघितलंस. पूर्ण स्टेअरिंग वळवून अंगणात गोल फिरवायला लावली तुला, आणि ती कशी चालली? पायबंद घातलेल्या घोडीसारखी — उडी, थांब, उडी, थांब. मग इंजिन बंद करून, गिअर सोडून चारही टायरांवर खालच्या बाजूला खडूची खूण केली आणि तुला म्हटलं ढकल. तू तोंड वाकडं केलंस. ढकललीस मात्र. दहा फेरे झाले पुढच्या चाकाचे, आणि मागच्या चाकाची खूण कुठे गेली होती? वीतभर पुढे. तुझ्याच वितीने मोजायला लावलं, नंतर म्हणशील म्हाताऱ्याने मोजण्यात गडबड केली. दहा फेऱ्यांत वीतभर, तर बिश्केकहून इथे कोचकोरपर्यंत किती झालं असेल? लाखभर फेरे आहेत ते. पुढची चाकं मोठी, कारण टायर नवे. मागची लहान, कारण टायर झिजून टकले झालेत. पुढची म्हणतात हळू चल, मागची म्हणतात मला जास्त फिरावं लागतंय, आणि दोघांना बांधणारी जी डबी आहे मध्ये, घट्ट तेलाची, ती दोघांच्या भांडणात भाजून निघते. भाजली की आवळते. आवळली की गाडी वळत नाही. एवढंच आहे. चाकाला धरणाऱ्या डाव्या मागच्या आर्मचं बुश फाटलंय ते वेगळं — पहार घालून दाखवलं ना, कुत्र्याने चावलेल्या चपलेसारखं रबर लोंबतंय — त्यामुळे ते मागचं चाक आपल्या मर्जीने वळतं, म्हणून ती उजवं-डावं करते. पण बुश माझ्याकडे आहे, ते संध्याकाळपर्यंत बसेल. टायर माझ्याकडे नाहीत. चारही सारखे पाहिजेत. चारही. दोनच घातले तर पुरतील असं कुठल्या गाढवाने सांगितलं तुला?

सांगितलं असेल कुणीतरी. सांगतात. दुकानात उभा असलेला माणूस घाईत असतो, आणि घ्यायला आलेला माणूस कधी एकदा हो म्हणतोय असा असतो, मग 'दोन आत्ता, दोन पुढच्या वर्षी' — सोपं असतं म्हणायला. आणि आता तू म्हणतोस मधला दांडा काढून टाका, म्हणजे मागच्या चाकांना जोरच जाणार नाही, भांडणच मिटलं, आवाज बंद. शाबास. बैल लंगडतो म्हणून त्याचा पाय कापायचा, मग लंगडायचा प्रश्नच नाही. आणि मग तू ही गाडी घेऊन कुठे जाणार? दोलोन घाट चढून नारिनला. आज. का, तर मेहुण्याकडे मेजवानी आहे, घोडा कापलाय, तुझी वाट बघतायत. सकाळी वरून एक ट्रक उतरला, त्याच्या टपावर चार बोटं बर्फ होतं. ओलं बर्फ. ते कोरड्यापेक्षा वाईट, हे शहरात शिकवतात का? तिकडे ही टकली मागची चाकं नुसती मागून घरंगळत येणार, ओढायला फक्त पुढची दोन, आणि ती एकदा जागच्या जागी फिरायला लागली की गाडी पुढे जात नाही रे बाबा, मागे येते. तिरपी होऊन मागे येते. आणि मागे रस्ता नसतो.

ब्रेक लागतील म्हणे. लाव ब्रेक. बर्फाला सांग, मी ब्रेक लावलाय.

मी उगाच भीती दाखवत नाही. मला काय पडलंय? तू माझा कोण? पण एकदा झालंय हे, म्हणून सांगतो. अकरा वर्षं झाली, मार्च महिना. इथल्या दवाखान्यात सायराकान एजे होत्या. डॉक्टर नव्हत्या त्या, पण वरच्या मेंढपाळांना डॉक्टर म्हणजे त्याच — बाळंतपण, हाड मोडलं, पोरगं तापाने फणफणलंय, सगळं. मी त्यांना एजे म्हणतो, थोरली बहीण म्हणून, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या. त्यांच्याकडे अशीच गाडी होती, जपानी, उजव्या हाताच्या स्टेअरिंगची, चारही चाकं ओढणारी. नऊ वर्षं चालवली त्यांनी ती. हिवाळ्यात दोलोन कसा चढायचा ते ट्रकवाले त्यांना विचारायचे. तर ती गाडी अडायला लागली. हेच — वळणावर उड्या, जड स्टेअरिंग, वास. माझ्याकडे आणली. आणि त्यांनीही शेवटी हेच म्हटलं, जापार, काढ तो दांडा, मला वेळ नाही. मी म्हटलं, एजे, बघा, मग दोनच चाकं ओढतील, जपून चालवा. सांगितलं मी त्यांना. स्पष्ट सांगितलं. तरी त्या गेल्या, आणि घाटात तिसऱ्या वळणावर गाडी मागे आली आणि खाली गेली. त्या वाचल्या. डावा पाय गुडघ्याखाली गेला. बघितलंस? सांगूनसुद्धा असं होतं. म्हणून नाही काढत मी.

काय? मग माझा काय दोष? दोष आहे असं कधी म्हटलं मी? तू फार हुशार आहेस रे. सांगितलं होतं तर मग अकरा वर्षं दांडा का काढला नाही — हा काय प्रश्न झाला? माणसाने एकदा हात भाजून घेतला की... बरं. सांगितलं म्हणजे — पावतीवर लिहिलं होतं. 'मागची ओढ बंद.' पावती त्यांच्या पिशवीत टाकली. वाचायला हवी होती त्यांनी. घाईत होत्या. वरून निरोप आला होता, कुठल्या तरी मेंढपाळाच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, दोन दिवस झाले तरी सुटका नाही, आणि त्यांनी इथे फाटकात उभं राहून मला विचारलं, सापडलं का, जापार? इथेच. तू बसलायस तिथे चार ट्रकवाले बसले होते चहा पीत. चौघेही माझ्याकडे बघत होते.

तुला काय कळणार ते. मी कानाने दुखणं ओळखतो असं म्हणायचे लोक. अत-बाशीहून, चायेकहून गाड्या यायच्या. गाडी फाटकातून आत यायच्या आधी मी सांगायचो, उजवं पुढचं बेअरिंग गेलंय. आणि ही एक गाडी, दोन दिवस उघडून बसलो होतो — डिफरन्शियल उघडलं, मागचे दोन्ही आर्म काढले, बुश तपासले, एकेक जॉइंट हाताने फिरवून बघितला. काहीही नाही. सगळं ठणठणीत. सोडून दे, असा दोष असतो एखादा, जो दिसत नाही. पण समोर चार माणसं आणि त्या विचारतायत, सापडलं का. मी म्हटलं, सापडलं, एजे. आता गप्प बसेल. आणि बसली गप्प. दांडा मी सकाळीच काढून ठेवला होता, आत फळीवर, पोत्याखाली. अंगणात एक चक्कर मारली त्यांनी — लोण्यासारखी वळली. हसल्या. म्हणाल्या, तुझ्या हाताला गुण आहे. आणि गेल्या.

नाही. पावतीवर काही नव्हतं.

पावतीच नव्हती. आता झालं समाधान? पी तो चहा, गार झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरने ओढत आणली ती गाडी, याच अंगणात. टप चेपलेला, काचा नाहीत, सीटवर... असो. लोक बघून गेले. मग मी खाली बसलो तिच्या बाजूला. का बसलो माहीत नाही. आणि समोर तिचं मागचं चाक होतं. शेजारी पुढचं. दोन्ही एका नजरेत. मागचं टकलं होतं. पुढच्यावर नक्षी अजून करकरीत. सुतळी घेतली, पुढच्याला गुंडाळली, गाठ मारली, तीच मागच्याला गुंडाळली — चार बोटं सुतळी उरली. दोन दिवस मी त्या गाडीच्या पोटात हात घालून शोधत होतो आणि दुखणं तिच्या पायात होतं, माझ्या डोळ्यासमोर. अरे, आंधळ्यालाही दिसलं असतं. मला नाही दिसलं, कारण ते पुढचे दोन टायर शरद ऋतूत मीच घातले होते. 'दोन आत्ता, दोन पुढच्या वर्षी, एजे, एवढ्यात काही होत नाही.' माझंच काम होतं ते. आपण केलेलं आपण तपासत नाही. आपण केलंय म्हणजे बरोबरच असणार.

ती बाई? कुठली बाई — हां. मेंढपाळाची बायको. नाही, ती नाही वाचली. पोटातली मुलगी वाचली. मोठी झाली आता, इथे शाळेत येते.

असा बघू नकोस माझ्याकडे. तुझ्या डोळ्यांत काय आहे ते मला कळतं. तुला वाटतंय हा म्हातारा वाईट आहे. तुला अजून माहीतच काय आहे? तिसऱ्या दिवशी सरकारी माणूस येणार होता गाडी तपासायला. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी फाटक लावलं, पोत्याखालून दांडा काढला आणि परत बसवला. आठ बोल्ट आणि दोन. चेपलेल्या गाडीत, पाठीवर पडून. धूळसुद्धा चोळली वरून. तो माणूस आला, वाकून बघितलं, सगळं जागेवर होतं. लिहिलं — रस्ता निसरडा, वेग जास्त. तो कागद दवाखान्यात नेला, त्यांच्या खाटेशी, आणि त्यांनी सही केली. म्हणाल्या, हो, मीच घाई केली. तिकडे बाई अडली होती, मी वळण जोरात घेतलं. मी तिथेच होतो. दाराशी. हातात सफरचंदांची पिशवी घेऊन.

तेव्हापासून त्या वर गेल्या नाहीत. त्यांच्या जागी दुसरं कुणी टिकलं नाही, एक मुलगी आली होती ती दोन महिन्यांत पळाली. आणि त्या अजून तेच म्हणतात. कुणी विषय काढला की म्हणतात, बर्फाचा काय दोष, मीच उतावळी. अकरा वर्षं एका बाईच्या मरणाचं ओझं त्या आपल्या खांद्यावर घेऊन बसल्यात आणि मी रोज समोरून जातो, सलाम करतो, तब्येत विचारतो. ईदला मांस पाठवतो. त्यांच्या कुबड्यांचं रबर झिजलं की मीच बदलून देतो — दोन्ही सारखी देतो, उंचीला फरक नको म्हणून. औषधांच्या दुकानात बसतात आता, बाजाराच्या कोपऱ्यावर, खिडकीपाशी — काय झालं? असं काय दचकलास?

थांब. परत बोल. कोण म्हणालं?

खिडकीतली बाई. कुबड्या टेकवून ठेवलेल्या. तू डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला थांबलास आणि गाडीचं रडगाणं गायलास. तुझं डोकं दुखो, नाहीतर फुटो. मला वाटलं कुणा टॅक्सीवाल्याने पढवून पाठवलंय तुला. काय म्हणाल्या त्या? तुझ्या भाषेत नको सांगूस, त्यांचे शब्द सांग. जसेच्या तसे.

"जापार मिस्त्रीकडे जा. मधला दांडा काढून दे म्हणावं. माझा काढला होता त्याने."

माझा काढला होता. असं म्हणाल्या? 'काढला होता'? रागाने? रागाने नाही. हसून? हसूनही नाही. मग कसं? गोळ्या कागदात बांधत बांधत. वर न बघता. हं.

मागच्या वर्षी एक पशुवैद्य आला होता, तोही हेच मागत होता. त्याआधी पोस्टाच्या गाडीवाला. मी दोघांनाही शिव्या घालून हाकललं. मला वाटलं हल्ली फॅशनच निघालीय दांडे काढायची. विचारलंच नाही त्यांना, कुणी पाठवलं म्हणून.

पण त्यांना कळणार कसं? मी कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही, ती गेली तेव्हाही नाही. दांडा जागेवर होता, सरकारी माणसाने बघितला होता — गप्प बस, तू काही सुचवू नकोस. कळणार कसं म्हणजे काय? नऊ वर्षं हातात होती ती गाडी. माझ्या अंगणात सपाट जमिनीवर नाही कळलं, पण गाव सुटल्यावर पहिला चढ लागला असेल, खडी लागली असेल, मागून रेटा येत नाही हे सीटला कळतं, कमरेला कळतं. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. पहिल्या चढालाच कळलं असणार त्यांना. जापारने मागची ओढ तोडलीय. आणि मागे वळता येत नव्हतं, कारण वर ती बाई दोन दिवस अडली होती. म्हणून गेल्या. माहीत असून गेल्या. आणि खाटेवर पडून, मी दाराशी उभा असताना, म्हणाल्या — वळण मी जोरात घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या. मला वाटायचं दाराकडे बघतायत.

मग अकरा वर्षं त्या कशाची वाट बघत होत्या?

नाही, तुला नाही विचारलं. तुझ्याकडे उत्तर असतं तर तू दोन वेगळे टायर घालून फिरला असतास का? ऊठ. ऊठ म्हणतोय. पेला ठेव तिथे, नळाखाली धू आणि मग ठेव. ऐक आता, एकदाच सांगणार. गाडी इथे राहील. किल्ली मी देणार नाही, ओरडायचं तर ओरड, पोलिसांकडे जायचं तर जा, चौकी पुलापलीकडे आहे. टायर चार, चारही एका जातीचे, एका मापाचे, बालिक्चीला मिळतील, बाजारापासून गाड्या सुटतात. मेजवानीला फोन कर, सांग येत नाही. घोडा तुझ्यावाचून शिजेल. बुश मी लावीन. आज नाही लावणार, उद्या. आज दुकान बंद.

दुपारचे बारा वाजलेत तर वाजू देत. माझं दुकान आहे.

हा माझा कामाचा झगा तिथे खुंटीला राहू दे, हात लावू नकोस. नाही, तू येऊ नकोस. तुझं काय काम तिथे? मी त्यांच्याशी काय बोलणार ते माझं मलाच माहीत नाही, आणि तुला ऐकायचंय. दोन गल्ल्या आहेत, चालत जाईन. तू डावीकडे जा, बाजाराच्या दुसऱ्या तोंडाने. खिडकीसमोरून जाऊ नकोस आत्ता. आणि जाताना फाटक ओढून घे — जोरात ओढ, ते अडकतं.